गार गावाचं गणित

रंजना, तुझ्या कॉलेजातले दोघं येऊन गेले. तुझ्याबरोबर शिकवणारे असावेत. म्हणाले, अण्णा, मॅडमवर अंक काढतोय, तुम्ही चार शब्द सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हणालो, सांगणार नाही, लिहून देईन. माझी चौथी झालेली आहे. आणि लिहिलेलं कुणी सुधारायचं नाही. ते बरं म्हणाले. तू किती शिकलीस, कुठल्या देशात जाऊन बोललीस, ते सगळं त्यांनी पहिल्या पानावर घेतलंय. मला त्यातलं निम्मं नवीन होतं. ते मी परत लिहीत नाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, ते लिहितो.

तू चुंबकावर काम करतेस एवढंच गावाला ठाऊक होतं. तू सुट्टीला आलीस की गजराआत्या काठी टेकत दारात हजर. "रंजे, गुडघ्याला बांधायचा चुंबकाचा पट्टा आन की गं. काष्टीच्या बाजारात लई म्हाग देत्यात." तू म्हणायचीस, "आत्या, माझा चुंबक कागदावरचा आहे." म्हातारी काठी आपटायची. "मंग त्यो काय कामाचा?" तुझी आई तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचो, पण माझ्या पोटात प्रश्न तोच होता. एवढी हुशार पोर, वीस वर्षं कागदावरच्या चुंबकाला का घालवते, हे मला कळत नव्हतं. विचारायला लाज वाटायची. बाप असून विचारायचं कसं?

शेवटी संगमनेरला तुझ्या खोलीवर आलो होतो तेव्हा तूच मला खुर्चीत बसवलंस आणि कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवलास. पडद्यावर तिळाएवढे पांढरे चौकोन. म्हणालीस, "अण्णा, हे आपलं शिवार समजा. एक चौकोन म्हणजे एकाचं वावर. पांढरं म्हणजे ज्वारी, काळं म्हणजे ऊस."

"चुंबकाचं सांग. ज्वारी मला ठावं हाय."

"चुंबकाचंच सांगतेय. आत बारीक कण असतात. प्रत्येकाचं तोंड एक तर वर, नाहीतर खाली. तोंड फिरवायचं का नाही, हे तो तीन गोष्टी बघून ठरवतो. शेजाऱ्यांची तोंडं कुठं आहेत, बाहेरून जोर किती लागतोय, आणि त्याचा स्वतःचा स्वभाव. स्वभाव ज्याचा त्याचा. कुणी उतावळा, कुणी हेकट. तो बदलत नाही."

मग तू बाहेरचा जोर हळूहळू वाढवत नेलास. इथं एक चौकोन काळा झाला, तिथं दोन झाले. बराच वेळ काही नाही. मी म्हणालो, बंद पडलं वाटतं. तेवढ्यात एका कोपऱ्यातून काळं सुटलं आणि पाट फुटावा तसं निम्म्या पडद्यावर पसरलं. जोर तू केसाएवढाच वाढवला होतास. मी म्हणालो, "हे आपल्या गावात झालंय."

झालंच होतं. कालव्याचं पाणी आलं तेव्हा आधी एकानं ऊस लावला, मग दुसऱ्यानं. दोन-तीन सालं तेवढ्यावरच होतं. मग एका सालात अर्धं शिवार उसाखाली गेलं. त्या साली पाणी काही जास्त आलं नव्हतं. शेजारी फिरला म्हणून शेजारी फिरला. आणि ज्यांना फिरायचं नव्हतं त्यांना पाखरांनी फिरवलं. शिवारभर ज्वारी असते तेव्हा पाखरं शिवारभर पांगतात, प्रत्येकाच्या वावरातला मूठभर दाणा जातो, कुणाला कळतही नाही. एकट्याचीच ज्वारी असली की साऱ्या शिवाराची पाखरं त्या एका वावरावर उतरतात. काढणीचीही तीच गत. एका तुकड्यासाठी ज्वारी उपटायला टोळी येत नाही. मग एकेकानं हात टेकले. मी टेकले नाहीत.

पुढं कालव्याचं आवर्तन लांबत गेलं, विहिरी खाली गेल्या. लोक म्हणाले, आता गाव आपोआप ज्वारीवर येईल. आलं नाही. आज जेवढं पाणी आहे तेवढ्याच पाण्यावर एके काळी सगळं गाव ज्वारी करत होतं, आणि आज तेवढ्याच पाण्यावर सगळं गाव ऊस करतंय. तू पडद्यावर जोर मागं नेलास, पहिल्या जागी आणलास. काळं काळंच राहिलं. म्हणालीस, "जायची वाट आणि यायची वाट एक नसते, अण्णा. ज्या जोरानं ते गेलं तो काढून घेतला म्हणून ते परत येत नाही. उलटा जोर लावावा लागतो, आणि तोही बराच."

मी विचारलं, ह्यात मी कुठला. तू बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबलीस. चहूबाजूनं काळं, मधे एक पांढरा.

"बरा दिसतोय," मी म्हणालो.

"एकटा दिसतोय," तू म्हणालीस.

तुझं खरं काम त्या दिवशी मला कळलं. सगळ्यांचे स्वभाव सारखेच असले तर गाव एका दमात उलटतं. उतावळे आणि हेकट अशी भरपूर तफावत असली तर पाच-दहा घरं करत करत फिरतं, धक्का बसत नाही. ह्या दोन्हींच्या मधे एक काठ आहे. त्या काठावर काय होईल सांगता येत नाही. एक घर फिरेल, एक आळी फिरेल, नाहीतर सगळं गावच जाईल. तो काठ नेमका कुठं आहे, ते तू शोधत होतीस. म्हणालीस, "गावात तुमच्यासारखी थोडी जास्त असती तर गाव असं एकदम गेलं नसतं." मला बरं वाटलं. ते तुला दिसलं असावं, कारण लगेच म्हणालीस, "फुगू नका. एकट्यानं लोंढा अडत नाही. त्याच्याभोवतून जातो."

भांडण त्यानंतर झालं. तू सांगत होतीस की ह्या गावाला आठवण असते. जोर मधे कमी कर, वाढव, कितीही हेलकावे दे, पण पुन्हा आधीच्या टोकाला आणून ठेवला की एकूण एक घर होतं त्याच तोंडानं उभं. मी म्हणालो, साफ खोटं. एकदा फिरून परत आलेला माणूस तोच नसतो. तू म्हणालीस, "माझ्या गावात तोच असतो. माझं गाव गार आहे, अण्णा. शून्यावर ठेवलंय. ऊब असली की कण थरथरतात, कारण नसताना तोंड फिरवतात, झालेलं विसरतात. मी ऊब काढून टाकलीय."

"मंग तुझ्या गावात मढी ऱ्हात्यात."

तू हसशील असं वाटलं होतं. "मढी नाही. रागावलेली माणसं राहतात. बाहेरून ढकलल्याशिवाय जागची हलत नाहीत." आणि मग माझ्याकडं बघत राहिलीस.

ते बोलणं सोपानवरून होतं, हे मला कळलं. मी उठून चपला घातल्या.

अंक वाचणाऱ्यांना सोपान ठाऊक नाही म्हणून लिहितो. सोपान माझा चुलतभाऊ, माझ्याहून धाकटा. त्याच्या आणि माझ्या वावराचा बांध एक. त्यानं ऊस लावला त्या साली पारावर चारचौघांत म्हणाला, "अण्णानं पाखरांसाठी अन्नछत्र घातलंय." लोक हसले. मी म्हणालो, "पान्यासंगं तुझी अक्कल बी कारखान्याला गेली." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दोघांच्या बायका बांधावरून ताक देतात, कोथिंबीर घेतात. आम्ही दोघं एकाच बांधावर समोरासमोर आलो तरी एक आभाळाकडं बघतो आणि एक ढेकळांकडं. तू लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला गेली होतीस. तुला ते लागायचं. मला लागत नव्हतं असं नाही, पण आधी तो हसला होता.

मग तुझं रक्त बिघडलं. दवाखान्याचं मी काही लिहीत नाही. एकच लिहितो. पुण्याच्या डॉक्टरांनी औषधं बंद केली, हे तू फोनवर सांगितलंस. मी काष्टीला जाऊन पेढे आणले, देवापुढं ठेवले, गजराआत्याला दिले. तू घरी आलीस, एक पेढा खाल्लास, पाणी प्यायलीस आणि मग सांगितलंस की औषधं का बंद केली. तुझ्या आईनं पुडा उचलून आत नेला. राहिलेल्या पेढ्यांचं तिनं काय केलं, मी अजून विचारलेलं नाही.

उन्हाळाभर तू वावरात लिंबाखाली बाज टाकून पडायचीस. सोपाननं खोडवा, म्हणजे तुटल्या उसाला पुन्हा फुटलेला ऊस, त्या साली मोडला होता. वावर नांगरून तापत पडलेलं. तू उशीवरून त्या काळ्या ढेकळांकडं बघायचीस. एक दिवस म्हणालीस, "काकांचं वावर रिकामं आहे."

"दिसतंय मला."

"एका वावराची ज्वारी पाखरं खातात. चार वावरं एकमेकाला लागून असली तर खाऊन उरते. टोळीही येते. मग पाचवा बघतो, सहावा बघतो. पण ती लागून पाहिजेत, अण्णा. गावभर विखुरलेली चार असून उपयोग नाही, ती एकेक करून मरतात. पहिलं वावर तुमचं आहे. दुसरं काकांचंच पाहिजे. दुसरं कुणाचं होऊ शकत नाही."

"मंग तू इचार त्याला. तुला न्हाई म्हनायचा न्हाई."

तेव्हा तू जे बोललीस त्यावर मी रोज भांडतोय. म्हणालीस, "मी विचारलं तर काका लगेच हो म्हणतील. मरणाऱ्या पोरीला कोण नाही म्हणतं? आणि मी गेल्यावर साल-दोन सालांत मोडतील, कुणी नावंही ठेवणार नाही. तुम्ही विचारलं तर मोडणार नाहीत. तुम्ही कुणाला काही विचारत नाही, हे त्यांना ठाऊक आहे."

मी म्हणालो, मी त्याच्या दारात जाणार नाही. तू म्हणालीस, बरं. तुझं हे बरं मला लहानपणापासून माहीत आहे. त्यात सगळं असतं, फक्त बरं नसतं. आषाढात सोपाननं सरी पाडली आणि ऊस लावला. तो उसाचं बेणं मातीत दाबत होता, तू बाजेवरून बघत होतीस.

मी चुकलो असं इथं लिहीन, असं अंक काढणाऱ्या त्या दोघांना वाटत असेल. लिहिणार नाही. तुझ्याच हिशेबानं चार वावरं पाहिजे होती, दोनानं काय झालं असतं? तुझ्याकडं ह्यावर उत्तर असणार. तू म्हणाली असतीस, "अण्णा, चौथं वावर दुसऱ्याशिवाय कुठून येईल?" मग मी काही म्हणालो असतो. असं आपलं चाललं असतं. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं आणि त्यात मजा नाही.

भादव्यात तू गेलीस. सकाळची वेळ होती, तुझी आई पाणी तापवत होती. तुझा हात माझ्या हातात गार होत गेला, बोटांकडून वर. ऊब काढून टाकलेलं गाव म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं, आणि ते कुणाला सांगावं असं एकच माणूस होतं, ते बाजेवर होतं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. भावकी पिठलं-भाकरी आणते आणि घरच्यांना पहिला घास घ्यायला लावते. त्या घासाला नाही म्हणायचं नसतं, वैऱ्यानं आणला तरी. सोपान आणि त्याची बायको टोपली घेऊन आले. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि माझ्या तोंडापुढं धरली. "घे अण्णा." एवढंच. मी तोंड उघडलं. भाकरी ज्वारीची होती. उसाच्या घरात ज्वारी कुठली? त्यांच्यात गव्हाच्या चपात्या होतात. नंतर तुझी आई म्हणाली, त्यानं मुद्दाम ज्वारी विकत आणवली होती. "अण्णाला दुसरं गिळायचं न्हाई," म्हणाला होता.

ते मला आवडलं नाही. अजून आवडलेलं नाही. एवढा माझा घास त्याला ठाऊक होता तर पारावर हसला कशाला?

तुझं दिवसकार्य झाल्यावर मी पेरणीला पाभर धरली. दरसालासारखी एकट्याची. चांगला उगवा झाला. ज्वारी चार पानांवर आली तेव्हा एका सकाळी सोपान बांधावर पाणी वळवत होता. मी त्याच्या दारात गेलो नाही, हे लक्षात घे. बांध दोघांचा आहे. मी माझ्या बाजूला उभा राहिलो.

"सोपान."

त्यानं फावडं थांबवलं.

"ह्यो ऊस तुटला की खोडवा ठिवू नगं. ज्वारी कर. माझ्या लगत."

तो फावड्याला लागलेला चिखल अंगठ्यानं काढत राहिला. मग म्हणाला, "रंजीनं सांगितलं व्हय?"

"मी इचारतोय."

"तू इचारतोयस." त्यानं ते स्वतःशीच म्हणून बघितलं. "अण्णा, माझी पाइपलाइन तिघांत हाय. म्हादू आन् पल्याडचा नाना ऊस ठिवनार, मी एकटा कसा मोडू? पान्याची पाळी मोडती, तोडीची टोळी मोडती. माझं एकट्याचं असतं तर..."

तुझा पडदाच डोळ्यापुढं आला. प्रत्येक चौकोन शेजाऱ्याकडं बघतोय. मी म्हणालो, "म्हादू काय म्हनतो?"

"म्हादूला कुनी इचारलंय?"

"आन् म्हादू हो म्हनला तर?"

"म्हादू न्हाई हो म्हनायचा."

"तुला इचारतोय मी."

तो माझ्याकडं बघत राहिला. किती सालांनी त्याचे डोळे नीट बघितले. म्हातारा झालाय. म्हणाला, "म्हादू आन् नाना फिरले तर मी मागं ऱ्हायचा न्हाई. पर ऊस तुटंस्तवर दीड वरीस हाय, अण्णा. तवर कोन कुठं."

मी म्हादूकडं गेलो. त्याच्या दारात गेलो, तिथं बांध नव्हता. त्यानं चहा पाजला आणि नाही म्हणाला. मी त्याला म्हणालो, परत येईन. तो म्हणाला, "या की, चहा हाय." नाना भेटला नाही, राहात्याला पोरीच्या गावी गेलाय. आला की जाईन. गाव बोलायला लागलंय की पोरगी गेल्यापासून अण्णा दारोदार फिरतो, डोक्यावर परिणाम झाला. बोलू दे. मी कधी कुणाला काही मागितलं नाही, ते त्यांना नवीन आहे.

हे मी तुझ्यासाठी करतोय असं समजू नकोस. माझ्या वावरावर पाखरं येतात म्हणून करतोय. यंदाही येतील. ज्वारी दुधात आली की मी गोफण घेऊन माचावर बसेन, आणि जेवढी उरायची तेवढी उरेल.

तू मला समोर बसवून समजावलंस, चौथी शिकलेल्या बापाला, एकदाही आवाज न चढवता. आपण काय करतो हे आई-बापाला सांगायला पोरांना वेळ नसतो हल्ली. तू पडदा माझ्याकडं फिरवलास. ह्याचं तुझं कौतुक तुझ्यापुढं कधी केलं नाही. आपल्यात ती पद्धत नाही. लग्नाचा विषय तू कधी काढू दिला नाहीस, तोही इथं काढत नाही.

पण एक तक्रार आहे ती लिहून हे संपवतो. तू गेलीस त्या दिवशी मी ठरवलं होतं की बास. तुझी आई तिच्या धाकट्या बहिणीकडं राहील, मी औषधगोळ्या बंद करीन, आणि फार दिवस लागणार नाहीत. कुणाला बोललो नव्हतो. तुझ्या मागं यायची मला घाई होती. आता सोपाननं दीड वर्षानंतरचा शब्द दिलाय, तोही अर्धा, आणि तो मलाच दिलाय. मी नसलो तर तो कुणाशी पाळणार? तू हे आधीच बघितलं होतंस का, ते मला कळायला मार्ग नाही. सकाळी तुझी आई रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवते. मी घेतो. सोपानचा ऊस तुटेपर्यंत मला मरता येत नाही.